धक्का कमी हवा म्हणून हलकी बंदूक घेऊ नका

वाचकाचे पत्र, थोडक्यात : माझे वय ६८ वर्षे असून राजापूर तालुक्यात खाडीकाठी आंबा-काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक शेतीसंरक्षणासाठी माझ्या परवान्यावर आली, त्याला तीस वर्षे होऊन गेली. गेल्या पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवरून घसरून उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. रोजची कामे आता होतात. पण मध्यंतरी भातात डुकरे शिरली म्हणून एक बार काढला आणि पुढे आठ दिवस हात वर उचलता आला नाही. दुकानदार म्हणतो की हलकी एकनळी घ्या, पुतण्या म्हणतो की पॉइंट टू टू (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल घ्या, शेजारी म्हणतात की ठासणीची बंदूक बरी. धक्का कमी बसेल अशी कोणती बंदूक मी घ्यावी?

उत्तर : आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी एकही मी आपल्याला देणार नाही, आणि दुकानदाराचा सल्ला तर आपल्या खांद्याला अपायकारक ठरेल असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. आपल्याजवळची दुनळी विकू नका. काडतूस, दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग) आणि बार काढताना बसण्याची पद्धत या तीन गोष्टी बदलल्या, तर याच बंदुकीचा धक्का आजच्यापेक्षा बराच कमी करता येतो. आणि एवढे करूनही डॉक्टरांनी नकार दिला, तर तो नकार आपल्या उजव्या खांद्यापुरता सर्वच बारा बोअर बंदुकांना लागू आहे असे समजावे.

म्हणून आरंभ डॉक्टरांपासून करा. शस्त्रक्रिया केलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांना आपण बहुधा "काम करू का" असे विचारले असणार आणि त्यांनी होकार दिला असणार. परंतु बादली उचलण्याचा भार आणि बंदुकीचा धक्का यांत मोठा फरक आहे. बादलीचा भार हळूहळू चढतो आणि स्नायू त्याला सावधपणे सामोरे जातात, तर बंदुकीचा धक्का क्षणाच्या अगदी लहान अंशात, स्नायूंना सावरायला वेळ न देता, खांद्याला मागे लोटतो. हाडाला पुन्हा जोडलेला स्नायुबंध पक्का धरायला कित्येक महिने लागतात, आणि उतारवयात तो पूर्वीइतका चिवट होईलच असे नसते. आठ दिवस हात वर जात नव्हता, ही गोष्ट साध्या दुखण्यातली नाही. ती त्यांना जशीच्या तशी सांगा आणि खांद्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत एकही बार काढू नका. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयासाठी पेसमेकर बसवलेला असेल, तर तेही आठवणीने सांगा, कारण पेसमेकर ज्या बाजूला बसवलेला असतो त्या बाजूच्या खांद्याला दस्ता लावल्यास त्याच्या तारांना इजा होऊ शकते.

आता हलक्या बंदुकीविषयी. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते, आणि होडी जितकी लहान तितकी ती अधिक वेगाने सरते. बंदुकीचेही नेमके तसेच आहे. छर्रे, त्यांच्यामागची डाट आणि जळालेल्या दारूचा वायू पुढे जाताना जो रेटा देतात, तोच रेटा बंदुकीला मागे लोटतो, आणि काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन कमी केले तर धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेब मांडतो. ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचे नेहमीचे काडतूस ३.२ किलो वजनाच्या दुनळीतून उडवले, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ३६ ज्यूल होते. तेच काडतूस २.६ किलोच्या हलक्या एकनळीतून उडवले, तर ती ४४ ज्यूलच्या घरात जाते. उलट दुनळीच्या दस्त्यात ४०० ग्रॅम वजन भरले आणि २८ ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस घातले, तर ती २४ ज्यूलपर्यंत उतरते. म्हणजे दुकानदाराने सुचवलेल्या बंदुकीचा धक्का आपल्याच बंदुकीत थोडी सुधारणा केल्यावर बसणाऱ्या धक्क्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. हलकी बंदूक खांद्यावरून वाहून न्यायला सोपी असते हे खरे, आणि दुखऱ्या खांद्याच्या माणसाला त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु वाहून नेण्यासाठी डाव्या खांद्यावर पट्टा घेता येतो. बार काढताना असा कोणताही आधार मिळत नाही.

काडतुसांकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पेटीवर किंवा काडतुसावर छर्ऱ्यांचा क्रमांक असतो, आणि बहुतेक शेतकरी तेवढाच पाहतात. आपण मात्र छर्ऱ्यांचे एकूण वजन आणि काडतुसाची लांबी या दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. धक्का छर्रा लहान आहे की मोठा यावर ठरत नसून नळीतून एकूण किती वजन किती वेगाने बाहेर पडते यावर ठरतो. चकतीवरच्या नेमबाजीत २४ ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसे वापरतात, आणि ती खांद्याला सर्वांत सौम्य असतात. परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी करताना सौम्य काडतूस असे मोघम न म्हणता २४ किंवा २८ ग्रॅम असा आकडा सांगा. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो : हे बारीक छर्ऱ्यांचे काडतूस आवाजाने जनावर पिटाळण्यापुरते आहे. ते डुकराच्या अंगावर झाडल्यास डुक्कर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरते, दिवसेंदिवस यातना भोगते आणि सकाळी शेण टाकायला किंवा पातेरा गोळा करायला गेलेल्या बाईमाणसावर उलटते. जनावराचे असे हाल करण्यापेक्षा बार न काढलेला बरा.

दुसरी बाब काडतुसाच्या लांबीची, आणि आपली बंदूक वडिलांच्या काळातली असल्यामुळे ती विशेष महत्त्वाची आहे. जुन्या बारा बोअर बंदुकांपैकी अनेकींचे काडतुसाचे घर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, ६५ मिलिमीटरचे असते, आणि आज मिळणारे काडतूस बहुधा ७० मिलिमीटरचे असते. हे आकडे उडवलेल्या काडतुसाचे तोंड उघडल्यानंतरचे असल्यामुळे न उडवलेले ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते, आणि सगळे ठीक आहे असा समज होतो. प्रत्यक्षात बार उडताना काडतुसाचे तोंड पुरते उघडायला जागा राहत नाही, नळीतला दाब वाढतो आणि धक्काही वाढतो. आठ दिवस हात उचलता न येण्यामागे हेही एक कारण असू शकेल. बंदूक उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर कोरलेली अक्षरे पाहा. तेथे घराची लांबी बहुधा दिलेली असते. वाचता आली नाही तर कारागिराकडून मोजून घ्या. त्याच भेटीत दोन्ही चापही तपासून घ्यावेत, कारण झिजलेल्या दुनळीत पहिल्या बाराच्या हिसक्याने दुसरा बारही उडण्याची शक्यता असते, आणि दोन बारांचा एकत्र धक्का दुरुस्त केलेल्या खांद्याला सोसणार नाही. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत चाप गंजून जड झालेला असणेही शक्य आहे. जड चाप ओढताना माणूस नकळत खांदा पुढे ढकलतो आणि आधीच धास्तावलेले अंग अधिकच आखडते.

दस्त्याचा विचार करताना रबरी गादी बसवणे हा उपाय सर्वांनाच सुचतो आणि तो योग्यही आहे. गादीमुळे धक्क्याची ऊर्जा कमी होत नाही. ती थोड्या अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरते, आणि स्नायुबंधाला हवे असते ते एवढेच. परंतु दोन-अडीच सेंटिमीटरची गादी तशीच चढवली तर दस्ता तेवढा लांबतो, मग बंदूक खांद्याला लावताना दोन्ही हात पुढे ताणावे लागतात, आणि आपल्याला नेमके तेच जमत नाही. म्हणून गादीच्या जाडीइतके लाकूड कापून मगच ती बसवावी. आपल्या बाबतीत मी आणखी एखादा सेंटिमीटर कमी करायला सांगेन. जुन्या दस्त्याच्या टोकाची पट्टी काढली की आत बहुधा बोल्टसाठी पाडलेले लांब भोक असते, त्यात शिशाचे वजन घट्ट बसवता येते. हे वजन मागच्या बाजूला राहत असल्यामुळे नळीचे तोंड हलके वाटते आणि डाव्या हातावर फारसा ताण पडत नाही. हे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. बंदूक दुसऱ्या कोणाबरोबर दुरुस्तीला पाठवायची झाल्यास त्याच्याजवळ आपले लेखी अधिकारपत्र असले पाहिजे. नळीला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका. नळी आखूड करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि नळीचे वजन घटल्यामुळे धक्काही वाढतो.

बसण्याच्या पद्धतीविषयी पत्रात एक वाक्य आले आहे, आणि माझे लक्ष तेथेच थांबले : राखणीच्या माळ्याच्या खांबाला पाठ टेकून आपण बार काढलात. पाठीला आराम म्हणून हे साहजिक वाटते, पण पाठ खांबाला किंवा आंब्याच्या बुंध्याला टेकलेली असली की शरीर मागे सरू शकत नाही आणि सगळा धक्का खांद्यातच जिरतो. उभे राहून, डावा पाय किंचित पुढे, कमरेतून थोडे पुढे झुकून बार काढला, तर सारे शरीर बंदुकीबरोबर मागे डुलते आणि खांद्याचा वाटा पुष्कळ कमी होतो. बसूनच राखण करायची असेल तर पाठ मोकळी ठेवा, आणि पुढच्या हाताखाली उपरण्याची घडी किंवा वाळूची पिशवी येईल अशी आडवी बल्ली माळ्याला बांधून घ्या, म्हणजे बंदुकीचे वजन हातांवर राहणार नाही. जमिनीवर पालथे झोपून बार काढण्याचा विचारही करू नका. दस्ता खांद्याच्या खळग्यात, गळ्याच्या हाडाच्या बाहेर आणि दंडाच्या आत, घट्ट दाबून धरायचा असतो. दुखेल या भीतीने खांदा आणि दस्ता यांच्यात बोटभर अंतर ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या अंतरातून वेग घेऊन आलेला दस्ता खांद्यावर आपटतो आणि भीती होती त्याहून अधिक दुखते.

उजवा खांदा कायमचा वर्ज्य करावा असे डॉक्टरांनी सांगितले, तर डाव्या खांद्याचा विचार अवश्य करा. मधोमध मोडून उघडणारी दुनळी या बाबतीत सोयीची असते, कारण तिच्यातून रिकामे काडतूस बाजूने चेहऱ्यावर उडत नाही आणि ती दोन्ही खांद्यांना लावता येते. दस्त्याला उजव्या हाताच्या माणसासाठी दिलेला किंचित बाक असेल तर तेवढा कारागिराला दाखवावा लागेल. पण आधी आपला कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या माडाच्या शेंड्यावर अंगठा धरा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा शेंड्यावरच दिसतो, तो डोळा प्रबळ. तो डावा निघाला तर डाव्या खांद्याची सवय लवकर लागेल. उजवा निघाला तर नेम धरताना तो मिटावा लागेल आणि कष्ट अधिक पडतील. कोणत्याही परिस्थितीत सुरुवातीचा सराव घराच्या पडवीत रिकाम्या बंदुकीने, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, नळी कोणाच्याही दिशेला येणार नाही अशा रीतीने करावा.

पुतण्याने सुचवलेल्या पॉइंट टू टू रायफलचा धक्का खरोखरच नगण्य आहे. वरच्याच हिशेबाने तो एका ज्यूलच्या पाचव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. नेमबाजीच्या मैदानावर, लक्ष्यावर नेम धरण्याचा आनंद आपल्याला हवा असता, तर मी तिचीच शिफारस केली असती. पण तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्या बागांमध्ये मोसमात रात्रभर गुरखे फिरत असतात, सड्यावरून वाट जाते, पलीकडे वाडी असते. शिवाय ती डुकरासाठी अगदीच तोकडी आहे. .३१५ ची रायफल कोणी सुचवली तर तिचाही विचार नको, तिचा धक्का लहान नाही आणि गोळीचा पल्ला त्याहून किती तरी मोठा आहे. ठासणीच्या बंदुकीत दारूचे प्रमाण आपल्या हाती असते म्हणून ती सौम्य वाटते. परंतु प्रत्येक बारासाठी बंदूक उभी धरून गज वरून खाली ठासावा लागतो, म्हणजे हात खांद्याच्या वर न्यावा लागतो, आणि आपल्याला निषिद्ध असलेली हालचाल तीच आहे. घाईत दारू दोनदा भरली जाण्याचा धोका वेगळाच. ४१० बोअरची बंदूक (आकडा मोठा असला तरी तिची नळी बारा बोअरपेक्षा बरीच अरुंद असते) मात्र धक्क्याच्या दृष्टीने खरोखर सौम्य असते, आणि बंदूक बदलायचीच ठरली तर मी तिच्याकडे बोट दाखवीन. पण बंदूक पाहण्यापूर्वी तिची काडतुसे आपल्या जिल्ह्यात नियमित मिळतील का, हे विक्रेत्याकडून पक्के करून घ्या, कारण बारा बोअरच्या काडतुसांइतकी ती सहज मिळत नाहीत. वीस बोअर बहुधा हलक्या बांधणीची असते, त्यामुळे काडतूस लहान असूनही धक्क्यातला फरक अपेक्षेइतका जाणवत नाही. बदल करायचा झाल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागेल.

धक्क्याच्या प्रश्नात दडलेला एक गंभीर प्रश्न आपल्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते. ज्याला धक्क्याची भीती बसली आहे, तो माणूस चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नळी हलते. दिवसा लक्ष्यावर नेम चुकला तर काही बिघडत नाही. रात्री भाताच्या खाचरात, बॅटरीच्या उजेडात, पलीकडे कोण उभे आहे हे न दिसता तो चुकला, तर काय होते हे कोकणात आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. डुक्कर समजून सोबत्यावरच बार गेल्याच्या बातम्या येतात आणि दोन घरे उद्ध्वस्त होतात. म्हणून सुधारलेल्या बंदुकीने दिवसाउजेडी, मागे मातीचा उंच बांध असलेल्या आणि कायद्याने मुभा असलेल्या सुरक्षित जागी काही बार काढून पाहा. डोळे मिटत असतील, तर रात्रीची राखण बंदुकीने करू नका. रानडुक्कर मारण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार अधिकृत वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते; शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. पिटाळण्यापुरतेच काम असेल तर सौर कुंपण खांद्याला कोणताही त्रास न देता ते करते. मोठा आवाज करणाऱ्या कार्बाइडच्या नळीतोफेच्या वाटेला मात्र जाऊ नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा तोफांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की अडचणीच्या वेळी मुलगा बार काढतो. हे आजपासून बंद करा. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याने बंदूक वापरणे हा त्याचा आणि आपला, दोघांचाही गुन्हा ठरतो. परंतु त्याला कायदेशीर वाट आहे, आणि आपल्या प्रश्नाचे कदाचित सर्वांत चांगले उत्तर तेच आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये अशी तरतूद आहे की परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने सुचवलेल्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. आपले वय ६८ असले तरी बंदूक आपल्याकडे तीस वर्षे आहे, म्हणजे अर्ज करायला सत्तरी गाठण्याची गरज नाही. अर्जदार म्हणून मुलाची पोलीस पडताळणी होईल आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल; परवाना देणे हा अखेर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा अधिकार आहे. त्याने शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षणही घ्यावे असा माझा आग्रह आहे. खांद्याच्या तपासणीत डॉक्टरांनी नाही म्हटले, तर दस्त्यावर पैसे खर्च करण्याऐवजी हा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, आणि निर्णय होईपर्यंत बंदूक आपल्याच ताब्यात, काडतुसांपासून वेगळी, कुलपात ठेवावी.